साडेचार म्हणजे साडेचार!

जगात कुठेही आत्ता किती वाजलेत, ते चंद्रहासला विचारा. तो घड्याळाकडे बघणार नाही, की फोन काढणार नाही. डोळे अर्धवट मिटेल, ओठ जरासे हलवेल आणि सांगून मोकळा होईल, "टोकियो? पावणेदहा. बेल्जियम? पावणेतीन, पण पहाटेचे. आत्ता फोन कराल तर शिव्या खाल!"

आणि बरोबर असतं हो! न्यूझीलंडमधल्या टौरंगाच्या बंदरातून किवी फळांचे खोकेच्या खोके भरून बोटी जगभर निघतात, त्यांच्या वेळा लावायचं काम हा माणूस अकरा वर्षं करतोय. त्यामुळे वेळेचा विषय निघाला की तो पहिल्या दिवाळीला आलेल्या जावयासारखा मधोमध येऊन बसतो. न्यूझीलंडात वर्षातून दोनदा घड्याळं एक तास पुढे-मागे होतात. तेव्हा तर त्याला सणच! ओळखीतल्या यच्चयावत लोकांना शनिवारी त्याचा मेसेज जातो. 'उद्या घड्याळ मागे घ्या. शंका असल्यास फोन करा.' फोन कुणीही करत नाही. मग हाच करतो.

"चंद्रहास, लोकांचे फोन आपोआप बदलतात रे," त्याची बायको मृदुला सांगते.

"फोन बदलतात. ओव्हन कोण बदलणार?" तो विचारतो.

त्यांच्या स्वतःच्या ओव्हनचं घड्याळ बदलायचं कसं, हे मात्र त्या घरात आजतागायत कुणाला सापडलेलं नाही. ते बिचारं सहा महिने चुकीचं चालतं आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी, कुणीही हात न लावता, आपलं आपण बरोबर होतं.

तर अशाच एका एप्रिलच्या पहिल्या रविवारी चंद्रहासच्या धाकट्या बहिणीचं, वल्लरीचं लग्न ठरायचं होतं.

वल्लरी इथे शिकायला आली, मग इथलीच झाली. आता मनुरेवात फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांच्या अवघडलेल्या माना सरळ करते, पण स्वतःच्या लग्नाचा विषय काढला की मान वळवून दुसरीकडे बघायची. आई-बाबा गेल्यापासून चंद्रहास तिचा दादाही होता आणि बापही. दोन वर्षांत त्याने स्थळं सुचवून सुचवून फोनची बॅटरी संपवली. आणि मग एक दिवस तीच म्हणाली, "दादा, एक मुलगा आहे."

मुलाचं नाव क्षितिज. मूळचा नाशिकचा, पुकेकोहेला एका भाजीपाल्याच्या पॅकहाउसमध्ये इंजिनिअर. मराठी मंडळाच्या पिकनिकला दोघांची ओळख झाली आणि वर्षभरात इतकी पक्की झाली, की वल्लरी चक्क कांद्याच्या जातींवर बोलायला लागली! मुलगा देखणा, हसरा, सालस. चंद्रहासला नाव ठेवायला जागा मिळेना.

अडचण एकच. क्षितिजचे वडील.

तुकाराम निकम, एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. चौतीस वर्षं स्टँडवर उभं राहून त्यांनी गाड्या सोडल्या. अजूनही घरात आंघोळी, जेवणं आणि फिरायला जाणं वेळापत्रकाप्रमाणे चालतं. थोरल्या मुलाच्या वेळी मुलीकडची मंडळी पंचवीस मिनिटं उशिरा आली, तर तुकारामरावांनी त्यांना दारातच नमस्कार केला आणि चहाही न विचारता परत पाठवलं, असं क्षितिजनेच सांगितलं होतं. सांगताना तो हसला नव्हता.

क्षितिज मुद्दाम दोन आठवडे रजा टाकून नाशिकला गेला. दोन्ही घरांची पहिली बैठक व्हिडिओवर ठरली. रविवारी, भारतात सकाळी बरोब्बर दहा वाजता.

"दादा, त्या दिवशी उशीर नको हं," वल्लरी म्हणाली. आवाज हलका ठेवला होता, पण चेहरा नव्हता. "बाकी मी सांभाळते. तू फक्त वेळ सांभाळ."

वेळ सांभाळ! चंद्रहासला! अहो, माशाला सांगावं का, की पोहताना जरा जपून?

मार्चमध्येच त्याने तुकारामरावांना फोन करून सगळं समजावलं होतं. "काका, आपल्यात साडेसात तासांचा फरक. तुमचे सकाळचे दहा म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेपाच." पलीकडे पेन खरखरल्याचा आवाज आला होता. तुकारामरावांनी ते डायरीत नोंदवून घेतलं.

पण त्याच रविवारी पहाटे न्यूझीलंडची घड्याळं एक तास मागे येणार होती. म्हणजे फरक साडेसहा तासांचा. नाशिकचे दहा म्हणजे टौरंगाचे साडेचार. इतकं सोपं होतं. चंद्रहासने गप्प बसायचं होतं, झालं!

पण त्याला एकच व्यसन आहे, समजावून सांगण्याचं. गुरुवारी त्याने तुकारामरावांना एक पानभर पत्र मेलने पाठवलं. त्यात उन्हाळा-हिवाळा होता, सूर्य होता, उजेड वाचवण्यामागचं तत्त्व होतं, आणि एक आकृतीही होती, तिच्यात पृथ्वी जरा चपटी आली होती. शेवटी ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'सबब, रविवारची बैठक आमच्याकडे साडेपाच वाजता नसून साडेचार वाजता होईल. साडेचार म्हणजे साडेचार!'

मृदुलाने ते वाचलं. "यात 'तुम्ही मात्र दहालाच बसा' असं कुठे आहे?"

"अगं, ते उघडच आहे!"

"मग तेवढं एकच लिहायचं होतंस की."

"मृदुला, तुकारामकाका वेळेतले दर्दी आहेत. त्यांना बाळबोध लिहिलं तर अपमान वाटेल."

शुक्रवारी उत्तर आलं. 'आपले पत्र मिळाले. मजकूर काळजीपूर्वक वाचला. योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. तु. रा. निकम.'

"बघ! दर्दी!" चंद्रहास खूश झाला.

"पण कार्यवाही म्हणजे काय करणार ते?" मृदुलाने विचारलं.

रविवारी वल्लरी सकाळीच मनुरेवाहून तीन तास गाडी चालवून टौरंगाला आली. चंद्रहासने दारातच तिच्या हातात कागद ठेवला. 'दुपारी साडेतीन: रंगीत तालीम. साडेचार: बैठक.'

"तालीम? दादा, हे लग्न आहे. नाटक नाही."

"नाटकात चुकलं तर पुढचा प्रयोग असतो. इथे एकच प्रयोग आहे."

सव्वातीन वाजता घराचं नाट्यगृह झालं. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर तीन पाटांवर चढवून ठेवला. कॅमेऱ्यासमोर कांदेपोह्यांची बशी आली. मृदुला म्हणाली, "अरे, ते काय स्क्रीनमधून हात घालून खाणार आहेत?" तर म्हणे, रीत म्हणजे रीत. आवाज घुमत होता, म्हणून त्याने लॅपटॉपचे स्पीकर बंद केले. माइक तेवढा चालू ठेवला, का, तर आवाजाची पट्टी हिरवी होते ते बघायला. बैठकीची लिंक तेव्हाच उघडून ठेवली, आणि पाहुण्यांना आत घेण्याआधी बाहेर थांबवायची जी सोय असते, ती मुद्दाम काढून टाकली.

"व्याह्यांना दारात ताटकळत ठेवायचं? बरं दिसतं का?"

शेवटी त्याने बोलायचे चौदा मुद्दे मोठ्या अक्षरात छापलेला कागद आणला आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर, कॅमेऱ्याच्या बरोब्बर खाली, चिकटपट्टीने लावला. आता बोलताना नजर कॅमेऱ्यातच राहील! सगळी स्क्रीन कागदाखाली गेली, हे त्याच्या लक्षात आलं नाही असं नाही. तालमीला स्क्रीन हवी कशाला?

मग सगळ्यांचे फोन गोळा करून पोळ्यांच्या डब्यात घातले आणि वर झाकण लावलं. शिस्त!

साडेतीनला तालीम सुरू झाली. वल्लरी खुर्चीत बसली. केसांना रोलर, तोंडाला बेसनाचा लेप, अंगात जुना टीशर्ट. साडी अजून इस्त्रीच्या टेबलावर होती. चंद्रहासने वर रेशमी झब्बा आणि जाकीट घातलं होतं. खाली मात्र पोहायला जाताना घालतो ते टॉग्ज, त्यांवर अननसांची नक्षी, आणि पायात जांडल्स, म्हणजे रबरी चपला. कॅमेऱ्यात काय, कमरेपर्यंतच दिसतं!

"मी तुकारामकाका," त्याने जाहीर केलं. "मृदुला, तू सरलाकाकू."

"सरलाकाकूंनी काय करायचं?"

"काही नाही. गप्प बसायचं. चौतीस वर्षांत त्या माणसाने बायकोला बोलायला वेळ दिला असेल असं वाटतं तुला?"

नऊ वर्षांची लेक ओवी टेबलाला टेकून उभी होती. तिला मराठी सगळं कळतं, फक्त तोंडातून इंग्लिश येतं. कागद आणि स्क्रीन यांच्या फटीत डोळा लावून ती म्हणाली, "बाबा, देअर्स अ मॅन इन देअर."

"हो गं. तो मीच दिसतोय."

"विथ अ मिशी?"

"उजेड नीट नसेल. बाजूला हो बघू."

चंद्रहास आता रंगात आला होता. त्याने टेबलावरचा स्टीलचा पेला उचलून तोंडाला लावला, म्हणजे झाला लाउडस्पीकर! आणि उभा राहिला. अननस कॅमेऱ्यासमोर आले.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे! न्यूझीलंडहून येणारी वल्लरी नावाची मुलगी दोन मिनिटं उशिरा धावत आहे! सबब हे लग्न रद्द करण्यात येत आहे! प्रवाशांनी आपापले पोहे खाऊन घरी जावे!"

मृदुला हसू दाबता दाबता खोकायला लागली. पोळ्यांच्या डब्यातून 'घर्रर्र घर्रर्र' असा आवाज येऊ लागला. एक फोन, मग दुसरा, मग तिसरा.

"दादा, फोन वाजतायत."

"वाजू देत! बैठकीत उठणार आहेस का फोन घ्यायला? हं, मुली, सांग! तुला आमच्या क्षितिजमध्ये काय आवडलं? तीस सेकंद. वेळ सुरू!" आणि तो पेल्यातून सेकंद मोजायला लागला. "एक! दोन! तीन!"

वल्लरीने मुद्दा क्रमांक सहा वाचायला सुरुवात केली. "क्षितिज यांचा स्वभाव मनमिळाऊ असून..."

"सात! आठ! पट्कन! गाडी सुटतेय!"

"बास!" वल्लरीने खुर्ची मागे सारली. "बास कर दादा! त्यांची टिंगल करू नकोस!"

"अगं, गंमत..."

"गंमत नाही. तुला माहितीय का, क्षितिजच्या घरी दिवाळी कधी असायची? बाबा घरी येतील तेव्हा. सणाला जादा गाड्या, त्यामुळे यांना कायम ड्यूटी. पोरं फराळाच्या ताटापुढे पेंगत बसायची. हजारो लोकांना त्यांनी वेळेवर घरी पोचवलं, आणि स्वतः दर सणाला घरी उशिरा पोचले. अशा माणसाला उशीर झालेला चालत नाही, तो काय तोऱ्यापायी? उशीर झाला की घरी कुणीतरी वाट बघत बसतं, हे त्यांना माहितीय म्हणून!" बेसनाच्या लेपातून एक ओली रेघ खाली आली. "मला क्षितिज आवडतो. हीप्स आवडतो, खूप खूप! आणि त्याचे बाबाही आवडतात, न भेटता. मला त्यांना इथे आणायचंय. इथल्या किनाऱ्यावर एक अख्खा दिवस त्यांना बसवून ठेवायचंय, घड्याळ न बघता."

चंद्रहासच्या हातातला पेला खाली आला. तो खुर्चीत बसला, म्हणजे जवळजवळ पडलाच.

"मला भीती वाटतेय गं, वल्ली," तो म्हणाला. "ते नाही म्हणाले तर तू रडशील. आणि आई-बाबा असते तर त्यांना जमलं असतं तुला समजवायला. मला काही येत नाही. मला फक्त वेळ सांगता येते."

पोह्यांची वाफ कागदाला लागून लागून चिकटपट्टी ओली झाली होती. तिचं एक टोक सुटलं. मग दुसरं. आणि चौदा मुद्दे हळूच पोह्यांवर आडवे झाले.

स्क्रीनवर नाशिक होतं.

सोफ्यावर ताठ बसलेले एक पांढऱ्या मिशीचे गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. शेजारी जरीकाठाच्या साडीतल्या बाई, तोंडाला पदर लावून गदगदा हलत होत्या. मागे ओल्या केसांचा, खांद्यावर टॉवेल टाकलेला क्षितिज, दोन्ही हातांनी डोकं धरून उभा.

"किया ओरा!" ओवीने हात हलवला आणि स्पीकर चालू केले. "टोल्ड यू, बाबा."

चंद्रहास ताडकन उठला. अननस दिसले. ताडकन बसला. वल्लरीने बशीखालचा रुमाल ओढून तोंडावर घेतला. मृदुला खाली वाकली ती टेबलाखालीच राहिली.

"नमस्कार," तुकारामराव म्हणाले. "प्रवाशांनी नव्हे. 'प्रवाशांनी कृपया' लक्ष द्यावे. कृपया राहिलं."

"का... काका... तुम्ही कधीपासून..."

"ठरल्या वेळेपासून. तुमचे साडेचार. त्यातून साडेसात तास वजा. सकाळचे नऊ. नवाला आम्ही बसलो. आता नऊ एकवीस." त्यांनी मनगट पुढे केलं. "हा म्हणत होता, दहाला बसायचं. मी म्हटलं, मुलीच्या भावाचं लेखी पत्र आहे, आकृतीसकट. हा रुसून आंघोळीला गेला. आम्ही कार्यवाही केली."

चंद्रहासच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वेळ यांनी नवी घेतली, पण फरक वापरला जुना! साडेचार काढताना आपण एक तास आधीच वजा केला होता. तोच तास यांनी परत एकदा वजा केला! म्हणजे चूक त्यांची! म्हणजे आपण बरोबर! संपूर्णपणे, ठार बरोबर!

"काका," तो उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "जरा गंमत झालीय. त्याचं असं आहे..."

टेबलाखालून मृदुलाने त्याच्या पोटरीला असा चिमटा काढला, की वाक्य तिथेच तुटलं.

"तुमचं मागचं घड्याळ," तुकारामराव चष्म्यातून निरखत म्हणाले, "चारला नऊ कमी दाखवतंय. बरोब्बर एक तास मागे. सेल गेले असतील. बदलून घ्या. अशा घड्याळामुळेच उशीर होतो."

"अहो काका, ते घड्याळ..."

वडिलांच्या पाठीमागे क्षितिजने हात जोडले. मग कानाला हात लावले. मग परत जोडले. त्याच्या चेहऱ्यावर एकच विनवणी होती. दादा, आत्ता गणित नको!

चंद्रहासने वल्लरीकडे बघितलं. रुमालाच्या वर तिचे डोळे दिसत होते. लहानपणी शाळेतून प्रगतिपुस्तक घेऊन यायची आणि बाबांना दाखवायच्या आधी दादाला दाखवायची, तेव्हा अस्सेच दिसायचे.

आता सांगा, काय करावं माणसाने? गळ्यापर्यंत आलेलं होतं! साडेसहा तास, साडेसात तास, पृथ्वी, सूर्य, सगळं! नुसतं तोंड उघडायचा अवकाश! चौतीस वर्षं गाड्या सोडणाऱ्या माणसाला त्याच्याच खेळात हरवायची संधी अकरा वर्षांत एकदाच आली होती, आणि ती बहिणीचं लग्न ठरायच्या दिवशी!

चंद्रहासने आवंढा गिळला. त्याचा आवाज नाशिकला ऐकू गेला असावा.

"चुकलं माझं, काका," तो म्हणाला. "माझा एका तासाचा हिशोब चुकला. तुम्हाला ताटकळावं लागलं."

टेबलाखालून मृदुलाचं डोकं वर आलं. नवऱ्याच्या तोंडून हे वाक्य तिने लग्नानंतर प्रथमच ऐकलं होतं.

तुकारामरावांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला, परत काढला.

"थोरल्याच्या वेळी मी एका मंडळींना दारातून परत पाठवलं," ते म्हणाले. "पंचवीस मिनिटांसाठी. सगळ्यांनी मला नावं ठेवली. मी का चिडलो, ते कुणी विचारलं नाही. आज एकवीस मिनिटं ताटकळलो, तेव्हा ही पोर ते न विचारताच सांगून गेली. उशिरा निघालेल्या गाडीत आपलं माणूस असलं, तर..." त्यांना पुढचं जमेना.

"अहो, तुम्ही वेळ घालवू नका," सरलाकाकूंनी पदर खाली केला. हसून हसून डोळे लाल झाले होते. "चौतीस वर्षांत मला आत्ता बोलायला वेळ मिळालाय. मुलगी पसंत आहे! बेसनासकट! आणि चंद्रहास, तुम्ही परत एकदा उभे राहू नका, मला आता हसवत नाही."

वल्लरी रुमालामागे हसत होती की रडत होती, ते कळायला मार्ग नव्हता. क्षितिजने टॉवेल हवेत उडवला, तो तुकारामरावांच्या डोक्यावर पडला. त्यांनी तो शांतपणे काढून घडी केली.

"पसंती आहे," त्यांनी शिक्कामोर्तब केलं. "मात्र खुलासा लागेल."

"कसला खुलासा?" चंद्रहासने विचारलं.

"उशिराचा. लेखी. आमच्याकडे खुलाशाशिवाय उशिराची गाडी पुढे सोडत नाहीत. दोन ओळी पुरतील. आत्ताच लिहा, मी थांबतो."

पोह्यांवर पडलेला चौदा मुद्द्यांचा कागद मृदुलाने झटकून त्याच्यापुढे पालथा ठेवला. हळदीचे डाग पलीकडून दिसत होते. चंद्रहासने लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. "मी खाली सही करणार चंद्रहास, रविवारी बैठकीस वेळेत उपस्थित राहू शकलो नाही. याबद्दल दिलगीर आहे. दिनांक अमुक. वेळ, दुपारी चार."

"पाच," तुकारामराव म्हणाले.

"अं?"

"तुमच्याकडे पाच वाजलेत. त्या मागच्या घड्याळात बघून लिहू नका. ते बंद पडलंय."

घड्याळ टिकटिकत होतं. ओव्हनच्या घड्याळातही चारच वाजले होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा ते बरोबर होतं बिचारं! टोकियो, बेल्जियम, अकरा वर्षांची अब्रू, सगळं चंद्रहासच्या डोळ्यांपुढून गेलं.

"दादा," वल्लरी रुमालामागून एवढंच म्हणाली.

त्याने चार खोडला. वर पाच लिहिला. खाली सही केली, आणि कागद कॅमेऱ्यापुढे धरला. तुकारामरावांनी तो दोनदा वाचला आणि मान डोलावली.

सोमवारी संध्याकाळी चंद्रहास ऑफिसातून आला, तेव्हा मृदुला आणि ओवी लॅपटॉपसमोर बसून खो-खो हसत होत्या. नाशिकहून मेल आला होता.

'आपला खुलासा समाधानकारक असल्याने स्वीकारण्यात येत आहे. विवाह डिसेंबरात नाशिक येथे करण्याचे योजिले आहे. मुहूर्त सकाळी अकरा वाजून बारा मिनिटे. सर्व निमंत्रितांस साडेदहाची वेळ कळविण्यात येत आहे. आपला पूर्वेतिहास पाहता, आपण साडेआठलाच हजर राहावे.'